गाडीत म्युझिक सिस्टिम स्वतः कशी बसवायची? वायर, फ्यूज आणि त्यामागचं गणित

बेस मॉडेलची गाडी घेतली की डॅशबोर्डमध्ये एक रिकामा चौकोन येतो. नाहीतर गाडी दहा वर्षं जुनी असते, आतला टेप यूएसबीच्या पुढे जात नाही, ब्लूटूथ नाही, रिव्हर्स कॅमेरा नाही. बाजारात ९ इंची अँड्रॉइड स्क्रीन सहज मिळते. प्रश्न एवढाच उरतो की ती बसवायची कुणी?

दुकानात दिली तर दीड तासात काम होतं. पण त्या दीड तासात डॅशबोर्डमागे काय जोडलं, काय कापलं, कशावर नुसती टेप गुंडाळली, हे आपल्याला कधीच दिसत नाही. हेच काम तुम्ही घरी, एका रविवारी सकाळी करू शकता. त्यासाठी इलेक्ट्रिशियन असायची गरज नाही. मल्टिमीटर वापरता यायला हवा आणि घाई करायची नाही, एवढं पुरे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण घरच्या आणि नातेवाइकांच्या मिळून काही गाड्यांमध्ये हे काम केलंय. या लेखात नुसत्या स्टेप्स न देता प्रत्येक वायर तिथे का आहे ते सांगणार आहे. कारण समजलं की यूट्यूबवरच्या व्हिडिओतली गाडी आणि तुमची गाडी वेगळी निघाली तरी अडायला होत नाही.

आधी हे तपासा: तुमची गाडी यासाठी योग्य आहे का?

गाडीतल्या स्टिरिओच्या मापाचं एक प्रमाण ठरलेलं आहे, त्याला डिन म्हणतात. १ डिन म्हणजे समोरून साधारण १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच. २ डिन म्हणजे तीच रुंदी आणि दुप्पट उंची, १०० मिमी. जुन्या गाडीत यापैकी एक खाच असते. ९ किंवा १० इंची स्क्रीन या खाचेत मावत नाही, म्हणून त्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे एक प्लॅस्टिकची फ्रेम मिळते. जुनं पॅनल काढायचं आणि त्या जागी ही फ्रेम लावायची.

नव्या गाड्यांचं तसं नाही. अनेक गाड्यांत एसीचं तापमान, पार्किंग सेन्सर, टायरमधल्या हवेचा दाब, दरवाज्यांच्या सेटिंग हे सगळं कंपनीच्या स्क्रीनमधूनच चालतं. गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन वायरींवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये ही पद्धत जगासमोर आणली. आज ती जवळपास प्रत्येक गाडीत आहे. अशा गाडीत मूळ युनिट काढून टाकलं तर या गप्पांमधला एक सभासदच गायब होतो. तिथे तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला कॅन डिकोडर बॉक्स लागतो. तो मिळत नसेल तर त्या गाडीला हात लावू नका.

आणखी दोन गोष्टी. गाडी वॉरंटीत असेल आणि तुम्ही मूळ वायर कापली, तर पुढे इलेक्ट्रिकल बिघाडाचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर जाड नारिंगी केबलच्या जवळपासही जायचं नाही, ती शेकडो व्होल्टची लाइन असते.

काय काय लागेल?

- तुमच्या मॉडेलची फ्रेम
- तुमच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे एका टोकाला गाडीचा सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला नव्या युनिटचा
- साधा डिजिटल मल्टिमीटर
- पॅनल उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या (लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ओरखडे पडतात)
- १० मिमीचा पाना, फुली स्क्रू ड्रायव्हर
- क्रिंप करायची पकड आणि बट कनेक्टर, किंवा सोल्डर आणि हीट श्रिंक ट्यूब
- केबल टाय आणि कापडी टेप

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे मल्टिमीटरपासून हीट श्रिंकपर्यंत सगळं मिळतं. फ्रेम आणि कपलर कार ॲक्सेसरीजच्या दुकानात किंवा ऑनलाइन. यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कपलर. काही शे रुपयांचा हा कपलर घेतला तर गाडीची एकही मूळ वायर कापावी लागत नाही. उद्या गाडी विकताना जुना टेप परत लावायचा असेल तर नुसता कपलर काढा आणि जुना सॉकेट खोचा. दुकानात "कपलर नाहीये, डायरेक्ट जोडून देतो" असं म्हणाले की तिथेच थांबायचं.

युनिट घेताना एक सावधगिरी. स्वस्त अँड्रॉइड युनिटच्या "अबाउट" पानावर लिहिलेली अँड्रॉइडची आवृत्ती आणि रॅम खरीच असेल असं नाही. ते आकडे सॉफ्टवेअरमधल्या सेटिंग फाइलमधून येतात आणि बनवणारा ते हवे तसे लिहू शकतो. हार्डवेअरची माहिती थेट वाचून दाखवणारं एखादं ॲप टाकून बघा, खरं चित्र कळतं. आणि अशा युनिटवर तुमचं मुख्य गूगल अकाउंट, जे बँकेला जोडलेलं आहे, ते टाकू नका. गाडीसाठी वेगळं अकाउंट काढा किंवा फोनच जोडून वापरा.

त्या गुंत्यातल्या वायरी ओळखूया

नव्या युनिटच्या मागून वायरींचा एक झुपका बाहेर येतो. बघून धडकी भरते, पण त्याचे रंग बहुतेक सगळ्या आफ्टरमार्केट युनिटमध्ये सारखेच असतात:

- पिवळी: बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट
- लाल: एसीसी, किल्ली फिरवल्यावर येणारा १२ व्होल्ट
- काळी: अर्थ, म्हणजे गाडीची बॉडी
- नारिंगी: हेडलाइट लावल्यावर स्क्रीनचा उजेड कमी करण्यासाठी
- निळी: अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला वीज
- निळी-पांढरी: बाहेरचा ॲम्प्लिफायर चालू करण्याचा सिग्नल
- पांढरी जोडी: पुढचा डावा स्पीकर
- करडी जोडी: पुढचा उजवा
- हिरवी जोडी: मागचा डावा
- जांभळी जोडी: मागचा उजवा

स्पीकरच्या प्रत्येक जोडीत जिच्यावर काळी रेघ आहे ती निगेटिव्ह.

हे रंग नव्या युनिटच्या बाजूचे झाले. गाडीच्या बाजूच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यावर कधीही विसंबायचं नाही. तिथे मल्टिमीटर लावायचा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी प्रोब बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल प्रोबने एकेक पिन तपासा. किल्ली पूर्ण बंद असताना जिच्यावर १२ च्या वर व्होल्ट दिसतात ती कायमची. किल्ली एसीसीवर नेल्यावर जिवंत होते आणि बंद केल्यावर शून्यावर येते ती एसीसीची. पार्किंग लाइट लावल्यावरच जिवंत होते ती इल्युमिनेशनची.

कपलर वापरला तरी ही तपासणी करा. काही युरोपियन गाड्यांच्या सॉकेटमध्ये कायमची आणि एसीसीची पिन अदलाबदल केलेली असते. तसंच जोडलं तर गाडी बंद केली की युनिट सगळी सेटिंग विसरतं, रोज सकाळी घड्याळ पुन्हा लावावं लागतं.

पिवळी आणि लाल: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो

दोन्ही वायरींवर १२ व्होल्टच आहेत, मग दोन कशाला?

पिवळी वायर युनिटची खरी वीज. ॲम्प्लिफायर, स्क्रीन, प्रोसेसर सगळं तिच्यावर चालतं, आणि गाडी बंद असताना मेमरी जपायला थोडासा करंटही तिच्यातूनच जातो. लाल वायर म्हणजे फक्त निरोप. ती जिवंत झाली की युनिटला कळतं, "मालक आले, जागं व्हा." ती मेली की कळतं, "झोपा आता."

आता कुणी या दोन्ही वायरी एकत्र पिळून कायमच्या लाइनला जोडल्या तर? निरोप कायम "जागे राहा" असाच येत राहणार.

हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. सांगलीला मामांच्या गाडीत एका दुकानातून अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतली होती. "किल्लीशिवाय पण गाणी लागतील, साहेब," असं तिथे सांगितलं होतं. मामांना ते आवडलं. त्यानंतर दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागेना. बॅटरी जुनी झाली म्हणून नवी टाकली. तीही दोन दिवसांत बसायला लागली. मग एका पहाटे मामींना दम लागला, मिरजेला दवाखान्यात न्यायचं होतं, आणि गाडी नुसती टकटक करत राहिली. शेजाऱ्यांची गाडी काढून नेलं, मामी बऱ्या आहेत. पण त्या सकाळी मामा म्हणाले, "गाणी ऐकायला घेतलेली वस्तू, आणि गरजेला गाडीच गेली."

पुढच्या शनिवारी मी गेलो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून, टर्मिनल आणि केबल यांच्या मधे मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावला. गाडी लॉक केली आणि वीस मिनिटं थांबलो, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. मीटरवर ०.८ अँपिअर. स्टिरिओचा फ्यूज काढला, आकडा ०.०२ वर आला. चोर सापडला.

गणित बघा. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. ३५ भागिले ०.८ म्हणजे सुमारे ४४ तास. आणि सेल्फ मारायला बॅटरी निम्म्याच्या वर भरलेली असावी लागते, त्यामुळे प्रत्यक्षात एका दिवसानंतरच धोका सुरू होतो. ०.०२ अँपिअरवर हाच हिशोब १७५० तासांचा, म्हणजे जवळपास ७३ दिवसांचा. बटण दाबून स्क्रीन काळी होत होती, पण आतला प्रोसेसर जागाच होता. लाल वायर पिवळीपासून सोडवून एसीसीला जोडली, अर्ध्या तासाचं काम. मामांची नवी बॅटरी तेव्हापासून व्यवस्थित आहे.

तुमच्याही गाडीची बॅटरी विनाकारण उतरत असेल तर बॅटरी बदलण्याआधी ही चाचणी करा. आकडा ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. मात्र मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तरी उडेल किंवा मीटर तरी.

फ्यूज कुणाला वाचवतो?

बहुतेकांना वाटतं फ्यूज स्टिरिओला वाचवतो. नाही, फ्यूज वायरीला वाचवतो. पर्यायाने गाडीला, आणि गाडीत बसलेल्यांना.

समजा बॅटरीपासून थेट दोन मीटरची ०.७५ चौरस मिमी वायर आणली आणि मधे फ्यूज नाही. काही महिन्यांनी ती कुठल्यातरी पत्र्याच्या कडेला घासून सोलली आणि बॉडीला टेकली. तांब्याच्या या वायरीचा रोध सुमारे ०.०४७ ओहम. बॅटरीचा स्वतःचा अंतर्गत रोध ०.०१ च्या आसपास धरू. १२ भागिले ०.०५७ म्हणजे २०० अँपिअरच्या वर करंट. वायरीत तयार होणारी उष्णता करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास २ किलोवॉट. बाथरूममधला गिझर साधारण एवढाच असतो. तेवढी उष्णता एका बारीक वायरीत, डॅशबोर्डमागे, प्लॅस्टिक आणि फोमच्या मधोमध. आवरण पेटायला काही सेकंद पुरतात. मधे १५ अँपिअरचा फ्यूज असेल तर हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतं.

म्हणून तीन नियम:

१. गाडीच्या मूळ सॉकेटमधली कायमची लाइन आधीच फ्यूज बॉक्समधून आलेली असते, तीच वापरा. नवी वायर बॅटरीवरून ओढू नका.

२. बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठी ओढावीच लागली तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात लावा. स्टिरिओच्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवू शकत नाही.

३. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा लावा. पुन्हा उडाला तर कारण शोधा. १० च्या जागी ३० चा लावणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे रखवालदाराला सुट्टी देणं.

"४ x ५० वॉट" चं खरं काय?

खोक्यावर लिहिलेलं असतं: ५० वॉट x ४. म्हणजे २०० वॉट. आता युनिटच्या मागचा फ्यूज बघा. अनेकांवर १० अँपिअर असतो. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी १४.४ x १० म्हणजे १४४ वॉट. आत जाणारीच वीज १४४, तर बाहेर सतत २०० कुठून येणार?

५० हा आकडा येतो असा: १४.४ चा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, उत्तर ५१.८. म्हणजे ॲम्प्लिफायर पूर्ण ताणून, आवाज पार फाटलेला असताना मिळणारी कमाल. स्वच्छ आवाजात व्होल्टचं शिखर १३ च्या आसपास धरलं तर हिशोब २१ वॉटवर येतो. जवळपास सगळ्या युनिटचं खरं उत्तर २० च्या आसपासच आहे. त्यामुळे या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. तेच पैसे चांगल्या पुढच्या स्पीकरवर घाला, फरक कानाला कळेल.

याच भागात एक धोक्याची गोष्ट. १२ व्होल्टमधून एवढा आवाज काढण्यासाठी या युनिटमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे ॲम्प्लिफायर असतात, एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे स्पीकरचं निगेटिव्ह टोक शून्यावर नसतं, तिथे ६-७ व्होल्ट असतात. ती वायर "निगेटिव्हच आहे ना" म्हणून बॉडीला जोडली तर ॲम्प्लिफायरची चिप जाऊ शकते. स्पीकरच्या आठही वायरी फक्त स्पीकरलाच जोडायच्या. एकमेकींना नाही, बॉडीलाही नाही.

गाडीच्या बाजूची स्पीकरची जोडी कुठली ते ओळखायला एक जुनी युक्ती आहे. साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि जोडीला क्षणभर टेकवा. ज्या दरवाज्यातून "टप्" आवाज येईल तो त्या जोडीचा स्पीकर. जाळी काढता येत असेल तर पडदा बघा. तो बाहेर उडाला तर सेलचं पॉझिटिव्ह टेकवलेली वायर स्पीकरची पॉझिटिव्ह. हे सगळं नवं युनिट जोडण्याआधी करायचं. डावा सरळ आणि उजवा उलटा जोडला गेला तर दोन्ही वाजतात, पण एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि बेस एकमेकांत विरून जातो.

प्रत्यक्ष काम

१. गाडी सावलीत उभी करा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढा. गाडीच्या वायरींची मीटरने तपासणी वर सांगितल्याप्रमाणे आधी करून घ्या आणि कागदावर लिहा. जुन्या जोडणीचे फोनवर फोटो काढा.

२. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्ह आहे. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पान्यातून थेट शॉर्ट. निगेटिव्ह आधी काढलं की पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. परत जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

३. पाच-दहा मिनिटं थांबा. एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडी वीज साठवलेली असते, ती उतरू द्या. डॅशबोर्डमागे पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे. त्यांना सोडवायचं नाही आणि मल्टिमीटर तर मुळीच लावायचा नाही. मीटरचा छोटासा करंटही तिथे नको.

४. पॅनल प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचला. क्लिपा "टक टक" करत सुटतात. कुठे अडलं तर जोर लावू नका, लपलेला स्क्रू राहिलेला असतो. हॅझर्डच्या बटणाचा कपलर मागे असेल तर पॅनल खेचण्याआधी तो सोडवा.

५. नव्या युनिटचा कपलर गाडीच्या सॉकेटशी जुळतो का बघा. कुठे वायर जोडावीच लागली तर क्रिंप किंवा सोल्डर करून वर हीट श्रिंक. नुसतं पिळून वर टेप नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भट्टीसारखा तापतो, टेपचा गोंद पातळ होऊन ती उलगडते आणि उघडी तार मोकळी होते. सोल्डर केलंत तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर टायने बांधा. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिथेच तुटते. म्हणून गाड्यांमध्ये क्रिंपला जास्त पसंती असते.

६. अर्थ मूळ सॉकेटमधलीच वापरा. वेगळी घ्यावी लागली तर रंग खरवडून, उघड्या धातूला, बोल्टखाली घट्ट.

७. जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डवर काचेजवळ, वरचा भाग आकाशाकडे. माइक शक्यतो स्टिअरिंगच्या वर किंवा खांबावर, एसीच्या झोतापासून लांब. एअरबॅग असलेल्या खांबाच्या कव्हरवरून वायर नेऊ नका.

८. सगळं जोडून, युनिट आत न ढकलता, बॅटरी जोडा आणि तपासा: चारही स्पीकर, फेडर आणि बॅलन्स, रेडिओ, माइक, किल्ली काढल्यावर बंद होतं का. मग बॅटरी पुन्हा काढून वायरी टायने आवळा, धारदार पत्र्यावर कापडी टेप लावा आणि युनिट बसवा. आत ढकलताना अडलं तर मागे वायर चेमटतेय, बाहेर काढून पुन्हा मांडा.

स्टिअरिंगची बटणं कशी चालतात?

हा माझा आवडता भाग. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगवरच्या पाच-सहा बटणांसाठी दोन-तीनच वायरी येतात. मग युनिटला कळतं कसं कुठलं बटण दाबलं?

प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. समजा युनिटच्या आत ३.३ व्होल्ट आणि १ किलो-ओहमचा रेझिस्टर आहे. बाहेरच्या बटणाचा रेझिस्टरही १ किलो-ओहम असेल तर मधल्या बिंदूवर निम्मे, १.६५ व्होल्ट दिसतात. दुसऱ्या बटणाचा ३३० ओहम असेल तर ०.८२ व्होल्ट. युनिट हा आकडा वाचतं आणि त्यावरून बटण ओळखतं. म्हणूनच युनिटच्या सेटिंगमध्ये बटणं "शिकवावी" लागतात: स्क्रीनवर "आवाज वाढवा" निवडा, स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरा, सेव्ह करा. युनिटच्या की-१ आणि की-२ या वायरी गाडीच्या त्या वायरींना जोडायच्या. गाडीतून बटणांचा सिग्नल कॅन बसवरून येत असेल तर मात्र डिकोडरशिवाय पर्याय नाही.

रिव्हर्स कॅमेरा आणि ब्रेकची वायर

कॅमेऱ्याला वीज मागच्या रिव्हर्स लाइटवरून द्यायची. रिव्हर्स टाकला की लाइटला १२ व्होल्ट येतात, कॅमेरा चालू होतो. युनिटची "रिव्हर्स" किंवा "बॅक" लिहिलेली वायरही याच १२ व्होल्टला जोडली की स्क्रीन आपोआप कॅमेऱ्यावर जाते. कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलसोबत बहुधा एक बारीक लाल वायर येते, ती याच कामासाठी असते.

"ब्रेक" लिहिलेली वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढला असेल तरच व्हिडिओ चालावा म्हणून ती आहे. अनेक ठिकाणी ती सरळ बॉडीला जोडून टाकतात, म्हणजे गाडी पळतानाही सिनेमा चालतो. हे करू नका. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. स्क्रीनकडे दोन सेकंद बघितलं तर ४४ मीटर रस्ता न बघता गेला.

बसवल्यानंतर काही बिघडलं तर

- एफएम खरखरतं: अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला निळ्या वायरीतून वीज मिळत नसेल, किंवा प्लग पूर्ण बसला नसेल.
- एक्सिलेटरबरोबर "कुंई" आवाज चढतो: अर्थ सैल आहे, किंवा ॲम्प्लिफायरच्या सिग्नल केबल पॉवरच्या वायरीला चिकटून गेल्या आहेत.
- सेल्फ मारताना युनिट बंद होऊन चालू होतं: बिघाड नाही. सेल्फच्या वेळी एसीसीची वीज मुद्दाम तोडलेली असते, सगळी ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून.
- आवाज मोठा केला की स्क्रीन मंदावते किंवा युनिट रीस्टार्ट होतं: पिवळी किंवा काळी जोडणी कच्ची आहे. मोठ्या आवाजात त्या दोघांमधले व्होल्ट मोजा.
- दिवसा स्क्रीन अंधुक: नारिंगी वायर चुकीच्या लाइनवर आहे.

आणि काम झाल्यावर त्याच संध्याकाळी ती बॅटरीच्या करंटची चाचणी करा. गाडी लॉक, वीस मिनिटं, मीटरवरचा आकडा. तो वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कधी सेल्फ कमजोर वाटला तर पुन्हा मोजा आणि तुलना करा.

दुकानातच करायचं असेल तर

सगळ्यांना हे करायला वेळ किंवा हौस असेलच असं नाही, आणि नीट काम करणारे कारागीर भरपूर आहेत. तरी काम चालू असताना शेजारी उभे राहा आणि चार प्रश्न विचारा. दादा, कपलर आहे ना, वायर कापणार नाही ना? लाल वायर एसीसीलाच जोडली ना? बॅटरीवरून काही थेट आणलंय का, त्याला फ्यूज कुठे आहे? जोडांवर हीट श्रिंक आहे की टेप? चांगल्या कारागिराला हे प्रश्न खुपत नाहीत, उलट तो दाखवून देतो. पॅनल बंद करण्याआधी आतल्या जोडणीचा एक फोटो काढून ठेवा. पुढे कुणीही ती गाडी उघडली तर त्याला तो फोटो उपयोगी पडेल.